रानात जाते, काम नाही

कल्याणच्या क्लासमध्ये मी सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले. तिथे स्विच, म्हणजे प्रोग्रामला अनेक वाटांतली एक निवडायला लावणारी रचना, लिहायचा तर आकडा लागायचा. एक असेल तर हे कर, दोन असेल तर ते कर. पुढे वाशिंदच्या एका छोट्या ऑफिसात नोकरी लागली. तिथे सी शार्प होतं, आणि त्यातल्या स्विचला सरळ शब्द द्यायची सोय होती. केसच्या, म्हणजे एकेका पर्यायाच्या, पुढे अवतरणात 'शेती' असं लिहिलं की चालायचं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. शहापूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या पाड्यातली मी, आकड्यांपेक्षा शब्द मला आपले वाटायचे.

त्याच सुमारास एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं. त्यांची माणसं पाड्यापाड्यांतून फॉर्म भरून आणायची, आम्ही ते जसेच्या तसे टाइप करायचो. कोण काय काम करतं आणि वर्षातले किती महिने करतं, याचा अहवाल काढणारा प्रोग्राम माझ्याकडे होता. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी चार शब्द दिले: शेती, मजुरी, नोकरी, धंदा. मी चार केस लिहिल्या. यात न बसणारा शब्द आला तर तो डिफॉल्टमध्ये, म्हणजे उरलेल्यांच्या खान्यात, जाणार. तिथे काहीतरी लिहायला हवं, म्हणून मी लिहिलं: काम नाही, महिने शून्य. ही ओळ मला कुणी सांगितली नव्हती. ती माझी होती.

आमच्या पाड्याची यादी छापून निघाली तेव्हा मी ती घरी घेऊन गेले. मे महिना होता. आई करवंदांची पाटी डोक्यावरून उतरवत होती. तिचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले.

"माजं काय लिवलंय त्यात?" तिनं विचारलं.

मी बोट फिरवत तिच्या नावापाशी आले आणि विचार न करता वाचलं, "काम नाही."

"कोनी लिवलं?"

"कॉम्प्युटरनं," मी म्हणाले.

आई हसली. "त्याला म्हनावं, येक दिवस चल माज्यासंगं." आणि हात धुवायला गेली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आईशी मी खोटं बोलले होते, तेही एका मशिनच्या आड लपून.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी फॉर्मचा गठ्ठा काढला. फॉर्म भरणाऱ्यांनी बायका जे बोलल्या तेच इमानदारीनं उतरवलं होतं. रानात जाते. मोह वेचते. पाला आणते. डिंक काढते. यातला एकही शब्द माझ्या चार केसशी जुळत नव्हता, म्हणून पाड्यातल्या अर्ध्याहून जास्त बायका शून्यात गेल्या होत्या.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "मजुरीत टाक सगळं. एका ओळीचं काम आहे."

"मजुरी दुसऱ्याच्या बांधावर करतात साहेब. या बायका कुणाच्या बांधावर जात नाहीत."

"मग केस वाढव."

"किती वाढवू? दर फॉर्मला नवा शब्द आहे. एक राहिला की ती बाई पुन्हा शून्यात."

"संस्थेनं चारच मागितलेत. तू पाचवा कशाला शोधतेस?"

मी जागेवर गेले आणि तो स्विचच काढून टाकला. प्रत्येक कामाचा वेगळा क्लास, म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्र भाग, केला. मोह वेचण्याचा वेगळा, करवंदांचा वेगळा, पावसाळ्यातल्या रानभाज्यांचा वेगळा. आपले महिने कोणते, हे प्रत्येक काम स्वतःच सांगणार. नवं काम आलं तर नवा क्लास लिहायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आणि ओळखीचा नसलेला शब्द आला तर प्रोग्राम जागीच थांबणार, तो शब्द स्क्रीनवर दाखवणार आणि माणसाला विचारणार.

चार दिवस लागले. पाचव्या दिवशी साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. नेमका तेव्हाच प्रोग्राम 'शेति' या शब्दावर अडला.

"हे बघ! एका वेलांटीसाठी थांबला. असा कधी संपणार अहवाल?"

"थांबू दे. मी वाचते, दुरुस्त करते, पुढे नेते."

"आणि रोज उशीर झाला तर?"

"होऊ दे उशीर. न वाचता कुणाला शून्यात टाकणार नाही."

साहेबांनी वाद घातला नाही. त्यांच्या मशिनवर माझा जुना प्रोग्राम तसाच होता. तो त्यांनी चालवला आणि अहवाल पाठवून दिला. मला दोन दिवसांनी कळलं.

मग मी नव्या प्रोग्रामवर सगळ्या पाड्यांच्या याद्या काढल्या, एका पिशवीत भरल्या आणि एसटीनं शहापूरला संस्थेच्या कचेरीत नेऊन दिल्या. टेबलावरच्या बाई पानं उलटत म्हणाल्या, "आमच्याकडे असे रकाने नाहीत हो."

"म्हणूनच आणल्यात," मी म्हणाले. त्यांनी ठेवून घेतल्या.

साहेबांना ते समजायला वेळ लागला नाही. त्यांनी मला समोर उभं केलं. "ऑफिसचे कागद बाहेर नेलेस. कबूल?"

"नेले, हे कबूल."

"चूक झाली म्हण. विषय संपवतो."

"चूक मी आधी केली होती, साहेब. ती ओळ लिहिली तेव्हा. ही चूक नाही."

महिनाअखेरीस माझी नोकरी गेली. घरी सांगताना ती डिफॉल्टची ओळ कुणी लिहिली होती, तेही सांगितलं. आईनं ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "आता नाय ना तसं लिवत?"

"नाय."

"मंग जेव."

पुढे मी मुरबाडच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले. दुसऱ्या वर्षी पाड्यात संस्थेचे नवे फॉर्म आले तेव्हा त्यांत पाचवा शब्द छापलेला होता: वनोपज, म्हणजे रानातून आणलेला माल. आमच्याकडे हा शब्द कुणी बोलत नाही, बायका 'रानात जाते' असंच सांगतात. माझ्या कागदांमुळे तो आला की कसा, मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारायला गेले नाही. एक शब्द वाढवून भागणार नाही, हे मी आधीच सांगून बसले होते.