दारू सोडायची तीही दवाखान्यात

"हा मिरगीचा झटका नाही," हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "यांनी दारू एकदम बंद केली ना, त्याचा आहे."

मला आधी रागच आला. पीत होता तोवर नवरा चालता-फिरता, आणि सोडली तर झटका? हा कुठला न्याय?

याला विथड्रॉवल म्हणतात. वर्षानुवर्षं रोज दारू मिळाली की मेंदूला तिची सवय होते. ती अचानक तोडली की तो बिथरतो. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, कोणाकोणाला झटके येतात. "रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात बंद करायची नसते. जीव जाऊ शकतो," मॅडम म्हणाल्या.

आमच्याकडे तर सगळं आनंदाच्या भरात झालं होतं. विहारात पंचशील म्हणताना दारूपासून दूर राहायचं पाचवं शील आलं, की आमच्या सुधाकररावांना दरवेळी खोकला यायचा. तो खोकला अख्ख्या गावाच्या ओळखीचा. यंदा बुद्धपौर्णिमेला ते खोकले नाहीत. मोठ्याने शील म्हणाले आणि चारचौघांत सांगितलं, आजपासून बंद. मी घरी येऊन खीर केली, गोठ्यात लपवलेल्या बाटल्या उकिरड्यावर नेऊन फोडल्या.

दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. "काई न्हाई, ऊन लागलं," ते म्हणाले आणि मीही कांद्याचा रस चोळत बसले. संध्याकाळी अंगणात कोसळले, दातखीळ बसली. कोणी नाकाला चप्पल लावली. शेवटी माझ्या दिरांनी जीपमध्ये घालून हिंगोली गाठली. तुमच्या घरी कोणी सोडायला निघालं असेल तर खीर जरूर करा, पण आधी डॉक्टरला विचारा.

सुधाकरराव एकेकाळी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. चढाईला आलेल्याचा घोटा त्यांच्या हातात सापडला की तो परत जात नसे. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, नाव तेवढं राहिलं आणि तेच नडलं. जवळा बाजार गावाला गेलं की कोणी ना कोणी ओळखायचं, खांद्यावर हात टाकून घेऊन जायचं. चहा पाजायला मात्र कधी कोणी नेलं नाही.

वॉर्डात त्यांना डिलिरियम झाला. म्हणजे भ्रम, नसलेलं दिसणं. कॉटवरून उतरून ते फरशीवर ओणवे बसले. सलाइन लावायला आलेल्या ब्रदरचा घोटा धरून ओरडले, "धरा रे, सुटून राहिला!" ब्रदर बिचारा आडवा झाला. मला हसू फुटलं, आणि मग रडू काही आवरेना.

थायमिन, म्हणजे बी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. मेंदू शांत ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या रोज थोड्या कमी करत नेल्या. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. वेळेत आलात, हे सुधारू शकतं, असं मॅडम म्हणाल्या.

ते शुद्धीवर आल्यावर मॅडमनी विचारलं, किती पीत होता?

"कधीमधी. दोस्तांसंगं."

कबड्डीवाल्यांची ही रीतच. दुखतंय कुठं ते समोरच्याला दाखवायचं नाही, नाहीतर तो तिथंच धरतो. गुडघ्याचं दुखणंही त्यांनी असंच लपवलं होतं, पार निकामी होईपर्यंत. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही सांगा." मी सांगितलं, सकाळी तोंड धुवायच्या आधीपासून.

त्या गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सगळ्यांपुढं काहून सांगितलं?"

"तुमी सांगत न्हाई म्हणून."

घरी सोडताना मॅडम त्यांना म्हणाल्या, "मी काही तुमची विरोधी टीम नाही. प्यायची इच्छा परत होणार. झाली की लपवू नका, घरात सांगा. लपवलेली इच्छाच माणसाला पुन्हा प्यायला लावते." माझी भीती तेव्हापासून एवढीच होती, की हा माणूस मरेल पण सांगणार नाही.

आणि झालंही तसंच. एका लग्नात प्यायले, वर "न्हाई" म्हणाले. वास काय लपतो? मी त्यांना पुन्हा हिंगोलीला नेलं. मॅडम रागावल्या नाहीत. घसरणं हा आजाराचाच भाग आहे, म्हणाल्या, आणि गोळ्या बदलल्या. मला मात्र हात टेकल्यासारखं झालं.

कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही दोघं जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला गेलो होतो. मी वांगी निवडत होते. पलीकडून कोणीतरी "सुधाकरभाऊ" म्हणून हाक मारली. ते निघाले, थोडं पुढे गेले आणि परत आले. कपाळावर घाम होता. भाजीवालीसमोरच म्हणाले, "मला प्यावं वाटून राहिलं. लई वाटून राहिलं. मला एकट्याला सोडू नको."

भाजीवाली माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. आमच्याकडे नवरा-बायको बाजारात हात धरून चालत नाहीत. मी वांगी तिथंच ठेवली, त्यांचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत बसस्टँडवर नेऊन बसवलं. भजी घेतली, पाणी प्यायलो. बस येईपर्यंत मी तो हात सोडला नाही.

पुढं ते कधी पितील का, हे मला माहीत नाही आणि मॅडमही सांगू शकत नाहीत. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, सुधाकररावांच्या तोंडाचा वास घेऊन न पाहता झोपले.