इर्याचे फिकट नकाशे

इर्या हापालाच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी, एक म्हातारा प्रिंटर होता. त्याला तिने कधी पोटभर शाई मिळू दिली नाही. शाई संपल्याचा लाल दिवा लागला की ती शाईचा डबा बाहेर काढायची, खोकल्याच्या औषधासारखा हलवायची, ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसायची आणि परत बसवायची. दिवा पुन्हा लागलाच तर त्यावर चिकटपट्टीचा तुकडा. "त्याला काय कळतंय," ती म्हणायची, आणि त्यानंतर खरोखरच आणखी सात-आठ नकाशे निघायचे.

नकाशे खेळाचे. आमच्या हॅनकॉक गावच्या लायब्ररीत खाली तळघर आहे. तिथे दर रविवारी दुपारी चार माणसं जमत, टेबलावर नकाशा अंथरत आणि त्यावर शिशाच्या बोटभर बाहुल्या ठेवून गुहांतून, पडक्या गढ्यांतून हिंडत. इर्या गोष्ट सांगणार. बाकीचे तिघे आपापली बाहुली होऊन आत शिरणार आणि अडलं की फासे टाकणार. बावीस वर्षं हे असंच चालू होतं. आमच्याकडे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फच बर्फ. माणसाने जायचं तरी कुठे?

अगदी सुरुवातीला इर्याने एक विकतचा नकाशा छापला होता. त्यात गुहा पांढरी आणि बाकी सगळा डोंगर काळाकुट्ट. अर्ध्या पानात शाईने मान टाकली. गुहेचं पुढचं अंग फिकट होत होत नाहीसंच झालं. नवी शाई आणायला वेळ नव्हता. इर्याने तोच कागद नेला, टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "इथून पुढे धुकं आहे." त्या दिवशीचा खेळ अजून कोणी विसरलेलं नाही. तिघंही त्या फिकट कागदावर हळूहळू, दबक्या पावलांनी चालत राहिले, आणि वर जाऊन पाहिलं तर रस्त्यावरही तसंच पांढरं दाटलं होतं.

तेव्हापासून तिने डोंगर भरणं सोडलं. भिंतीच्या बाहेरून बारीक तिरप्या रेघांची झालर लावली की झाला दगड. काठालगत तीन रेघा मारल्या की झालं तळं. फरशीचे दोन चौकोन कोपऱ्यात, बाकीचे समजून घ्यायचे. छपाई सगळ्यात हलकी, काळ्याच्या जागी राखाडी, आणि कागद चर्चच्या जुन्या पत्रकांचे, पाठकोरे. तिचा हात आखडता होता हे खरं, पण नुसता चिकटपणा म्हणाल तर मी भांडेन.

इर्याने एकतीस वर्षं जिल्ह्याच्या मोजणी कचेरीत नकाशे काढले होते. तिथला नियम एकच: मोजलं तेवढंच शाईने काढायचं. जिथे कोणी मोजणीची साखळी घेऊन गेलेलं नाही ती जागा पांढरी सोडायची. दुपारी कचेरीत सामसूम झाली की इर्या त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसायची. बघता बघता तिथे झाडं उभी राहायची, झाडांमागे पाणी चमकायचं, आणि ती स्वतः कोटाची बटणं लावून त्यात चालत जायची. साहेबाने हाक मारली तर परत यायला तिला थोडा वेळ लागे. पांढरं म्हणजे रिकामं असं तिने कधी मानलंच नाही. पांढरं म्हणजे तिथे अजून कोणी गेलेलं नाही.

आणि जाणारा कोण, तर क्लाइड ट्रेव्हॅरो. खाणकामगाराचा मुलगा, उंच, तोंडाचा फटकळ. तो दलदलीत गुडघाभर पाण्यात उभा राहून वायरलेसवर आकडे ओरडायचा, आणि इकडे उबेत बसून इर्या रेघ पुढे न्यायची. त्याचं तोंड आणि तिचा हात. दोघांचंही लग्न दुसरीकडे झालं, दोघांचेही जोडीदार आता गेले, आणि त्यांच्यात काय होतं हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नाही. निवृत्तीनंतर तोच हा खेळ घेऊन तिच्या दारात उभा राहिला होता.

त्या जानेवारीत एका रविवारी इर्याने नवी गुहा आणली. शाई तळाला गेली होती म्हणून छपाई आणखी एक पायरी हलकी केलेली. क्लाइडची बाहुली म्हणजे घणवाला बुटका, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे. क्लाइडने ती उचलली आणि सरळ भिंतीच्या पलीकडे, भर दगडात नेऊन ठेवली.

"अहो म्हातारबा," रस्त्यावरचा बर्फ काढणारा वेस हसला, "दार बाजूला आहे."

"माझ्या बुटक्याला दारं आवडत नाहीत," क्लाइड म्हणाला.

सगळे हसले. पुढच्या खेपेला बुटका तळ्याच्या मधोमध उभा राहिला. "आता पोहतोय वाटतं, लोखंडी चिलखत घालून," शाळेत शिकवणारी डेनीस म्हणाली, आणि वेसने टेबलावर डोकं टेकलं. क्लाइड हसला नाही. त्याचं बोट कागदाची कड शोधत होतं. ते कडेवरून घसरून टेबलावर गेलं, परत आलं. इर्या ते बघत राहिली.

निघताना त्याने बुटका डेनीसच्या हातात ठेवला. "ह्याला तूच चालव आता. मला पुढच्या रविवारी धुराडं साफ करायचंय."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"माझं धुराडं मोठं आहे," असं म्हणून तो जिना चढून गेला. कठडा त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

बुधवारी इर्या वेलदोड्याचा गोड पाव घेऊन त्याच्याकडे गेली. कॉफी ओतताना क्लाइड कपात बोट घालून ठेवत होता, किती भरला ते कळावं म्हणून. आता विचारायचं काय राहिलं?

"कधीपासून?" तरी तिने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून. कडेकडेचं दिसतं. मधोमध धुकं. तुझं आवडतं."

"मला सांगायला जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं तर तू मोठ्या अक्षरांचे नकाशे केले असतेस, आणि वेस माझ्याशी सावकाश बोलायला लागला असता," तो म्हणाला. "इर्या, मी माझ्या आळीत भिंतीला धडकतो, त्याचं मला काही वाटत नाही. पण ती नकाशावरची जागा आपली होती गं. तिथे मी वाट दाखवायचो."

इर्या घरी आली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा प्रिंटरवर हात सैल सोडला. नवा शाईचा डबा फोडला. सगळा डोंगर काळा, भिंती जाड, छपाई सगळ्यात गडद. प्रिंटर कण्हत होता, खिडकीबाहेर बर्फ पडत होता, आणि कागद इंच इंच काळा होत बाहेर येत होता. तो ओलसरच घेऊन ती पुन्हा त्याच्या दारात गेली.

क्लाइडने कागद तोंडापाशी धरला, मान वळवून तिरपा पाहिला, खिडकीकडे नेला. मग हुंगला.

"एवढी शाई? तुला बरं आहे ना?"

"दिसतंय का ते सांग."

"कोळशाचं पोतं दिसतंय," तो हळूच म्हणाला. "राहू दे गं. तुझ्या हातचं फिकटच बरं होतं. निदान काहीतरी असेलसं वाटायचं."

ती परत निघाली. आता मात्र तिला रडू आलं. त्या काळ्या कागदात चालत जायला वाटच नव्हती. त्यात सगळं आधीच भरून टाकलेलं होतं. ती फाटकाशी उभी राहिली. समोर क्लाइडचं सगळं अंगण पांढरं, त्यावर एकही पाऊल नाही. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. टोपीवर चांगला दोन बोटं बर्फ साचला. मग ती वळून पुन्हा दारात गेली आणि बाहेरूनच म्हणाली, "रविवारी वेस तुला घ्यायला येईल. धुराड्याचं मला सांगू नकोस."

रविवारी टेबलावर नकाशा नव्हता. टेबलाच्या मापाचा कोरा कागद चिकटवलेला होता, आणि क्लाइडच्या जागेवर अंगठ्याएवढा जाड काळा मार्कर. डेनीसने बुटका त्याच्या पुढ्यात ठेवला. इर्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मांडीवर आपला छापलेला फिकट कागद धरून बसली.

"मी बोलते, तू काढ," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी काढलं."

"मला नीट येणार नाही."

"तुझे आकडे तरी कुठे नीट यायचे? अर्धे तर वाऱ्यातच जायचे. ऐक. गुहेच्या तोंडातून आत शिरलास. वीस फूट सरळ. डाव्या हाताला भिंत, ओली."

क्लाइडने मान तिरपी केली, डोळ्याच्या कोपऱ्यात कागद धरला आणि मार्कर टेकवला. रेघ आधी वाकडी निघाली, मग सावरली. इर्याचा आवाज कचेरीतल्यासारखा, एकसुरी, शांत. उजवीकडे वळण. छप्पर खाली येतंय. पाण्याचा आवाज. वेसने चेष्टा थांबवली होती. गुहा टेबलावर वाढत गेली, जाड आणि काळी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सगळं पांढरं. क्लाइडचे खांदे हळूहळू सैल झाले. "वाकून या माझ्या मागे," तो बाकीच्यांना म्हणाला, आणि ती दोघं खुर्चीत खरोखरच वाकली.

"इथे उतार," इर्या म्हणाली. "पुढे तळं, तीस फूट रुंद."

पण क्लाइडचा हात तिच्या शब्दांच्या पुढे गेला होता. तळ्याच्या जागेवरून त्याने एक लांब बोळ ओढला, सरळ, पार कागदाच्या कडेपर्यंत.

वेसने इर्याच्या मांडीवरच्या कागदात डोकावून पाहिलं. "इर्याबाई, तिथे तर..."

इर्याने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

क्लाइडचा हात थांबला. "चुकलं का? तुझ्या कागदावर तिथे काय आहे?"

इर्याने मांडीवरचा कागद पाहिला. त्या बारीक रेघा, झालर, तीन रेघांचं तळं. मग तिने कागद मांडीवर पालथा घातला.

"माझ्या कागदावर तिथे पांढरं आहे," ती म्हणाली. "तिथे उभा तू आहेस. काय दिसतंय ते सांग."