वेखंड्यांची सावड

महिपतराव वेखंड्यांना पुलाविषयी काही विचारायचं असेल, तर आधी चहा पिऊन घ्यावा. ते बोलायला लागले की कप हातातच राहतो आणि चहावर साय धरते. शहापूरच्या बाजारात कचेरीसमोरच्या हॉटेलात हा अनुभव न घेतलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पण कोणी रागावत नाही, उलट त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवतात. डोळखांबच्या रस्त्याला लागून असलेल्या एवढ्याशा गावातला शेतकऱ्याचा मुलगा इंजिनीअर होतो आणि परमुलखातल्या नद्यांवर पूल बांधून येतो, याचा अभिमान एकट्या वेखंड्यांनीच का म्हणून बाळगावा? तो आम्हा सगळ्यांनाच आहे.

पूल त्यांनी आसामात बांधले, भूतानातल्या दऱ्यांत बांधले, आणि नोकरीची शेवटची वर्षं इथिओपियाच्या डोंगरात काढली. आसामात एका पावसाळ्यात एवढा पूर आला की दोन्ही काठांवरची गावं शाळांमध्ये राहायला गेली, पण महिपतरावांचा पूल जागचा हलला नाही. हे सांगताना ते टेबलावर हात सपाट ठेवतात आणि गोष्ट संपेपर्यंत उचलत नाहीत. नुसते पूलच नव्हेत, माणसंही त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली. भूतानात मीठ आणि लोणी घातलेला चहा ते तोंड वाकडं न करता प्यायले. इथिओपियात आंबोळीसारखी आंबट भाकरी एकाच ताटात सगळ्यांबरोबर खाल्ली, आणि घरधन्याने स्वतःच्या हाताने घास भरवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. तिथेच एकदा सुगीच्या दिवसांत सगळं गाव एका म्हाताऱ्याच्या शेतात उतरलेलं त्यांनी पाहिलं. गाणी म्हणत कापणी चाललेली, मजुरी कोणालाच नाही. महिपतरावांनी मोठ्या ऐटीत दुभाष्याला सांगितलं की ही पद्धत आमच्याकडेही आहे, तिला आम्ही सावड म्हणतो, आणि माझी बायको दर वर्षी सावड करते.

बायको करते. यातच सगळी ग्यानबाची मेख होती.

सावड म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आज माझ्या शेतात तुमच्या घरचा माणूस राबला, की उद्या तुमच्या शेतात माझ्या घरचा. पैशाचा संबंध नाही. भाताची रोपं खणून चिखलात लावायची, म्हणजे आवणी करायची, ती अशीच चार-पाच घरं मिळून उरकतात. गावातली पोरं आसनगावच्या आणि मुरबाडच्या कंपन्यांत जाऊ लागली तेव्हापासून तर सावडीशिवाय इलाजच नाही. महिपतराव आवणीच्या दिवसांत आधी शहापूरच्या वसतिगृहात, मग कॉलेजात, मग जगाच्या पाठीवर कुठेतरी असायचे. बापाने अभ्यासू पोराला चिखलात उतरू दिलं नाही आणि पुढे देवकीने ती वेळ येऊ दिली नाही. देवकी म्हणजे त्यांची बायको. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती सावडीत आहे. पोटुशी असताना गेली, सासरा वारला त्या वर्षीही गेली. वेखंड्यांची जमीन एक वर्षही पड राहिली नाही ती तिच्यामुळे, आणि महिपतराव हे परक्या मुलखात ज्याला त्याला सांगत आले.

ते निवृत्त होऊन घरी आले. गेल्या वर्षीच्या आवणीला सावड सगळ्यात आधी वेखंड्यांच्या शेतात आली. देवराम आला, गोमा आला, महादू आला, वरच्या पाड्यावरची बाळी आली. शेत उरकलं आणि देवकीचा गुडघा सुजला तो उतरेना. कल्याणला नेलं, डॉक्टरांनी चिखलात पाय घालायचा नाही म्हणून बजावलं. आता चार घरांचे दिवस फेडायचे राहिले. देवकीचा जीव खालीवर व्हायला लागला. तेव्हा महिपतराव म्हणाले, तू काळजी करू नकोस, हे माझ्यावर सोड. मोठमोठ्या साइटा सांभाळलेला माणूस तो. त्यांनी फोन फिरवला आणि मुरबाडकडून टेम्पो भरून मजूर मागवले. एका माणसाच्या जागी दोन-दोन, वर त्यांच्या जेवणाचीही सोय. चारही घरांची आवणी झटक्यात झाली. महिपतराव बांधावर छत्री घेऊन उभे होते, आणि खरं सांगायचं तर आपल्या बंदोबस्तावर खूश होते.

देवरामने मजुरांना चहा दिला, निघताना रामराम केला. महिपतरावांना वाटलं, झालं, फिटलं.

यंदा रोपं हातभर झाली तशी माणसं देवरामच्या ओट्यावर बसली. कोणाचं शेत आधी, कोणाचं मागून, हे तिथेच ठरतं. दर वर्षी देवरामचा नातू देवकीला बोलवायला यायचा. यंदा तो आला नाही. देवकी दारात बसून वाट पाहत राहिली. ओट्यावरची माणसं उठून आपापल्या घरी गेलेली तिला दिसली, तरी ती दारातच बसून होती. महिपतराव म्हणाले की विसरले असतील, मी जाऊन विचारून येतो. तेव्हा ती बोलली.

"विचारायचं नसतं. सावड मागून मिळत नाय."

"पण झालं काय? आपण कोणाचं काही ठेवलं का?"

"गेल्या वर्षी देवराम भावजींची सून दवाखान्यात बाळंत होत होती, तरी ते आपल्या शेतात आले. त्यांच्या बदल्यात तुमी टेम्पो पाठवलात. मजूर त्यांना मिळाले नसते का? एवढी वर्सं मी राखली ती सावड. तुमी एका दिवसात मोडलीत."

आयुष्यात महिपतरावांच्या एकाही पुलाला तडा गेला नव्हता. आणि बायकोने जन्मभर वाकून उभं केलेलं जे होतं, ते त्यांनी छत्रीखाली उभं राहून पाडलं होतं. त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. इथिओपियातल्या त्या म्हाताऱ्याच्या शेताशेजारी आपण हातात कॅमेरा घेऊन उभे होतो, हे त्यांना आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरामच्या शेतात सावड लागली, तेव्हा बोलावणं नसताना महिपतराव तिथे हजर. अर्धी चड्डी, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पायांत साइटवरचे गमबूट. पहिलं पाऊल टाकलं आणि पाय बाहेर आला, बूट चिखलातच राहिला. बाळीने तो ओढून काढला, पाणी ओतून टाकलं आणि बांधावर ठेवला. हसू तिने कसंबसं दाबलं. देवराम लगबगीने पुढे आला. देवराम त्यांचा शाळेतला सोबती, एकाच बाकावर बसलेला, पण महिपतराव साहेब झाल्यापासून त्यांना अहोजाहो करणारा.

"साहेब, तुमी कशाला चिखलात? बांधावर बसा. त्या आफ्रिकेच्या गोष्टी सांगा, आमचं कामपण लवकर उरकंल."

महिपतरावांसारख्या माणसाला याहून मोठा मोह नव्हता. गोष्ट सांगा म्हटलं आणि ते बसले नाहीत, असं कधी झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी दुसराही बूट काढला, रोपांची एक जुडी उचलली आणि बाळीच्या शेजारी ओळीत वाकले. गोष्टी वाकूनही सांगता येतात, असं काहीतरी ते म्हणाले. थोड्याच वेळात कंबर अशी भरून आली की गोष्ट राहिली बाजूला, श्वास पुरेना. आम्हा लोकांना एक नवल पाहायला मिळालं, महिपतराव वेखंडे दिवसभर गप्प होते.

काम त्यांचं यथातथाच झालं. ओळ मागे पडायची, मग बाळी आणि महादू दोन्हीकडून त्यांच्या वाटणीची रोपं लावून त्यांना पुढे ओढून घ्यायचे. पण ते उठले नाहीत. दुपारी सगळ्यांबरोबर बांधावर बसून त्यांनी नाचणीची भाकरी आणि सुकट खाल्ली आणि पुन्हा चिखलात उतरले. घरी आले तेव्हा त्यांना सरळ होता येईना. देवकीने कढत पाणी दिलं, कंबरेला तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी तिने भाकरी बांधून तयार ठेवली होती.

देवरामनंतर महादूकडे, महादूनंतर बाळीकडे. गोमाची आवणी तेवढी राहिली, कारण त्याचं शेत उंचावरचं, तिथे पाणी उशिरा साचतं. महिपतराव रोज गेले. कोणी त्यांना या म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. काम संपलं की माणसं पाय धुऊन आपापल्या वाटेने जात. आणि इकडे वेखंड्यांचं स्वतःचं शेत तसंच पडलेलं. चिखलणी झालेली, पाणी भरलेलं, आणि रोपं वयात येऊन शेंड्याला पिवळी पडायला लागलेली. अजून चार दिवस गेले असते तर ती लावून उपयोग नव्हता. देवकीचा जन्मात पहिल्यांदा धीर सुटला. ती म्हणाली, मागवा तुमचा टेम्पो, जमीन पड राहिलेली मला बघवणार नाय.

महिपतराव नाही म्हणाले. त्यांनी तिला सांगितलं की पुलाचा स्लॅब टाकला की काही दिवसांनी खालचे टेकू काढावे लागतात. ते काढताना जुने इंजिनीअर स्लॅबखाली जाऊन उभे राहायचे. आपल्या कामावर भरवसा असेल तर तेवढं धाडस करावंच लागतं. देवकीला स्लॅबचं काही कळलं नाही, पण नवरा पहिल्यांदाच शेतासाठी घाबरलाय हे तिला कळलं. तिने टेम्पोचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी महिपतराव एकटेच शेतात गेले आणि रोपं खणायला बसले. एकट्याने एवढं शेत लावायचं म्हणजे वेडेपणा होता, पण हातावर हात धरून बसवत नव्हतं. दोन-चार जुड्या झाल्या असतील, तोवर मागे चिखलात पावलं वाजली. देवराम होता. त्याच्यामागे गोमा, महादू आणि महादूची बायको, आणि पदर खोचून बाळी. बाळी त्यांच्या शेजारी बसली आणि भराभर रोपं खणायला लागली. देवरामने बांधलेल्या जुड्या शेतभर फेकायला सुरुवात केली. महिपतराव खाली मान घालून खणत राहिले.

देवकी घरी थांबली नाही. काठी टेकत, गुडघ्याला फडकं बांधून बांधापर्यंत आली. तिला पाहून बाळी चिखलातून वर चढली आणि एक जुडी तिच्या हातात दिली. म्हणाली, पहिली रोपं घरच्या बाईनं लावायची, इतकी वर्सं लावलीस, यंदा काय झालं? डॉक्टरांचं सांगणं तिथे कोणी काढलं नाही. दोघींनी धरून तिला खाली उतरवलं. तिने चार रोपं लावली आणि तिला पुन्हा वर बसवलं. मग ती दिवसभर बांधावर बसून होती. महिपतरावांची ओळ मागे पडली की बांधावरून तोंडाने हाकारत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलेलं सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी माणसं वेखंड्यांच्या ओट्यावर चहाला बसली. देवराम सांगत होता, गुरुवारी गोमाकडं, ज्याच्या त्याच्या घरचं एक माणूस. तेवढ्यात महिपतरावांचा फोन वाजला. शहापूरहून एका मंडळाचा माणूस बोलत होता. तालुक्यातल्या कर्तबगार माणसांचा सत्कार ठेवला होता. हॉल मोठा होता, आमदार येणार होते, आणि महिपतरावांनी प्रवास, निरनिराळ्या संस्कृती आणि आयुष्याचा अर्थ यावर हवा तितका वेळ बोलावं अशी सगळ्यांची इच्छा होती. हवा तितका वेळ, हे महिपतरावांना आजवर कोणीही म्हटलं नव्हतं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

गुरुवारी सकाळी, असं पलीकडून उत्तर आलं.

ओट्यावर सगळे आपापल्या चहात पाहत होते. देवकी चुलीपासून उठून दारात आली.

"गुरुवारी जमायचं नाही," महिपतराव म्हणाले. "गुरुवारी आमची गोमाकडं सावड आहे."

पलीकडच्याने काकुळतीला येऊन विनंती केली, आमदारांना काय सांगू म्हणाला. महिपतरावांनी त्याला गोमाच्या शेतात पाणी आता साचलंय, ते थांबणार नाही, एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. मग देवरामने कप खाली ठेवला.

"मग टायमावर ये गुरुवारी," तो म्हणाला. "महादूकडं ऊन वर आल्यावर उगवलास. अन् महिपत, ओळ जरा सरळ धर रे. तुझी रोपं बाळीनं परत लावायची का?"

इतक्या वर्षांत महिपतराव वेखंड्यांना उशीर झाला म्हणून कोणी बोललं नव्हतं. साहेबांना कोण बोलणार? त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांची छाती अशी भरून आली की आसामातल्या त्या पुरानंतरही ती तशी भरून आली नव्हती. काहीतरी उत्तर द्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी दारातून देवकीच बोलली.

"येतील टायमावर, भावजी. मी उठवते ना त्यांना."