चंद्रकांताबाईंच्या विमानाचे शेअर

पवनीच्या चंद्रकांताबाईंनी आयुष्यात विमान पाहिलं ते मान वर करूनच. तरी २०२०च्या फेब्रुवारीत त्यांनी एका विमान कंपनीचे शेअर घेतले, तेही साठ हजारांचे! पैसा त्यांचा स्वतःचा. नवऱ्याच्या हातमागासाठी तीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या त्या फुकटच; पण दुपारच्या वेळात स्वतःच्या मागावर विणलेल्या लुगड्यांचे पैसे त्यांनी वेगळे ठेवले होते.

खरेदी करून दिली नागपूरच्या अनुपनं, बहिणीच्या मुलानं. "मावशी, बुडाले तरी चूल पेटली पाहिजे, तेवढेच लाव," असं त्यानं बजावलं. बाईंनी निम्मे पैसे बँकेतच राहू दिले. शेअर म्हणजे हिस्सा, म्हणजे विमानातल्या दोन-तीन खुर्च्या तरी आपल्या, असा मात्र त्यांचा ठाम समज झाला.

महिनाभरात कोरोना आला. विमानं जागची हलेनात आणि साठाचे पंचवीस हजार झाले. नवरा तुलाराम यांना केवढं सुख! दारात उभं राहून ते अख्ख्या गल्लीला ऐकवत, "इच्या विमानाचे पंख झडले! इकून टाक व, उरले तेवढे तरी वाचतीन."

अनुपनंही फोनवर काही लपवलं नाही. विमान उडो न उडो, कंपनीला विमानांचं भाडं आणि नोकरांचे पगार चालूच. कंपनी बुडाली तर हाती शून्य.

बाईंनी फोन ठेवला. मागावर लुगडं अर्धवट होतं आणि व्यापारी तयार मालही उचलत नव्हता. पण नवऱ्याला त्या म्हणाल्या, "बाजार बसला म्हनून मागावरचा ताणा कोनी कापते का? मी मालकीन हाओ त्या खुर्च्यांची. शून्य झाले त होऊ द्या, तुमाले एक रुपया मांगनार नाही."

तीन वर्षं टोमणे ऐकले, शेअर विकले नाहीत. विमानं पुन्हा भरून उडू लागली, भाव चढला आणि २०२३मध्ये साठाचे पंच्याण्णव झाले. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कितीसा वेळ लागतो! तुलाराम चहाच्या टपरीवर सांगू लागले, "आमी इकलेच नाही ना बावा!" एक दिवस शेजाऱ्यांना घेऊन घरी आले आणि मागावर बसलेल्या बायकोला म्हणाले, "आपले शेअर इकून मोटारसायकल घेऊन राहिलो."

मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा बाईंनी थांबवला नाही.

"पडले तवा माहे होते. चढले तवा आपले कसे झाले?"