नणंदेची साखर आणि शिडाचं जहाज

“कागदाला चुचकारावं, दटावू नये,” असं वहिनी सदा म्हणायची. ग्रंथसंग्रहालयाच्या तळघरात जुनी हस्तलिखितं, नकाशे, चित्रं सांधता सांधता तिचे केस पिकले. तिची नणंद वरच्या दालनात राखणदार. नणंदेचं ऐकून अख्खं संग्रहालयही हिला वहिनीच म्हणे.

त्या दिवशी दुपारी प्रदर्शन उघडायचं होतं. एकच चित्र राहिलं होतं, शिडाच्या जहाजाचं. वरच्या कोऱ्या आभाळात लांब फाट गेलेली. वर्षानुवर्षं ते खणातल्या अंधारात पडून होतं, आणि वहिनीचा त्याच्यावर भारी जीव. आज मांडलं गेलं नाही, तर पुन्हा खण ठरलेलाच.

सकाळी तिनं खळ शिजवून निवत ठेवली आणि हात धुऊन आली, तर नणंद पातेल्यात चमचा घालून उभी.

“काय गं वहिनी हे मिळमिळीत! साखर घातली तेव्हा कुठे घशाखाली उतरलं.”

“अगं भवाने, खळ आहे ती! कागद चिकटवायची!”

नणंदेचा चमचा हवेतच राहिला. “आणि माझं तोंड चिकटलं तर?”

“घराचं भलं होईल.”

वहिनीला हसूही आवरेना, रडूही. गोड खळ लावली, तर कागद खाणारी कसर चित्रावर ताव मारणार. नवी शिजवता येईल. पण ती निवेपर्यंत दुपार होणार, मग सांधा दाबाखाली वाळायला वेळ कुठला?

संग्रहालयाचे साहेब डोकावले. “राहू द्या वहिनी, दुसरं चित्र टांगू.”

वहिनीनं नणंदेच्या हाती पळी दिली. “ढवळ. चाखायचं नाही.”

नणंद गरीब गाईसारखी ढवळत राहिली. खळ निवली. वहिनीनं चित्र पालथं घातलं, फाटीवर झिरझिरीत कागदाची पट्टी बसवली, लेकराची पाठ थोपटावी तशी बोटांनी थोपटली. मग म्हणाली, “साहेब, टांगायचं कशाला? टिपकागदावर आडवं ठेवू. आभाळावर जाड काच. दाबही बसेल, दिसेलही.”

“लोकांना वाकावं लागेल.”

“वाकू दे की! पाण्यातलं जहाज वरूनच बघायचं असतं.”

साहेब हसले. “आणा वर.”

दारं उघडली. माणसं येऊन वाकू लागली. वहिनी खांबाआड थोडा वेळ थांबली, मग पदराला हात पुसत जिन्याकडे निघाली. दालनात बोलू नका म्हणून सगळ्यांना दटावणाऱ्या नणंदेनं शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसलं.

“ती बघा, माझी वहिनी!”

आणि वहिनीचं डोकं पायऱ्यांखाली दिसेनासं होईतो ती टाचा उंचावून बघत राहिली.