अवेळीची उपकारस्तुती

आमच्या घरात काळजीचं खातं माझ्याकडे होतं. हे नवऱ्याचं म्हणणं. त्याचं नवी पेठेत शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "मशीनचं काय असेल ते माझ्याकडं बोला, काळजीचं असेल तर घरी मॅडमकडं." मी बालवाडीत शिकवते, म्हणून मॅडम. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला खरं तर नळाला पाणी कधी येणार एवढी एकच काळजी पुरायला हवी. मला पुरायची नाही. गॅस बंद केला का, इस्त्रीचं बटण काढलं का, आणि घरातून निघून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो की दर वेळी, कुलूप लावलं का? मी थांबायचे. तोही थांबायचा. एक अक्षर न बोलता मागे जायचा, कुलूप ओढून बघायचा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "आहे हो मॅडम, आहे!" मग आम्ही पुढे निघायचो. मला लाज वाटायची, पण त्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

त्याच्या आईला मात्र काळजी म्हणून माहीत नव्हती. निदान मला तसं वाटायचं. सासूबाई वैरागकडच्या. शाळा फार नाही, पण शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ. भाकरी थापायला बसल्या की "देवबापा, तुजं उपकार." नळ आला की तुजं उपकार. एकदा आमच्या डोळ्यांदेखत बस सुटली, तर त्यावरही उपकार. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आई, बस चुकली त्याचे कसले उपकार?" त्या म्हणाल्या, "म्होरली रिकामी यील की गं." पुढची बस आली ती दाराला माणसं लोंबकळत आली. त्या चढल्या, उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला हसू आलं नाही. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशात सांगायचे, चिंता करू नका, जे मागायचं ते आभार मानत मागा. त्या मान डोलवायच्या आणि माझ्या डोक्यात घरचा गॅस चालू असायचा.

पुढचं कळायला आमची एक रीत सांगायला हवी. आम्हा ख्रिस्ती लोकांत घरी काही चांगलं घडलं, कुणी परीक्षेत पास झालं, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं, की उपकारस्तुती ठेवतात. पाळकसाहेबांना बोलवायचं, चर्चच्या मंडळीतल्या लोकांना निरोप द्यायचे, सतरंज्या अंथरायच्या, पेटीवर गीतं म्हणायची, वचन, प्रार्थना, मग चहा-चिवडा. घरात कुणी गेलं तरी सतरंज्या त्याच, पेटी तीच, पाळकसाहेब तेच. फक्त त्या सभेला सांत्वनाची भक्ती म्हणतात आणि चिवडा नसतो. गल्लीतून बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळणार नाही. एके दिवशी तो मलाही कळला नाही.

ऐन उन्हाळा होता. नवरा सकाळी दुकानात गेला, शटर अर्धं वर केलं आणि तिथंच कोसळला. शेजारच्या दुकानदारानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पोचले तेव्हा तो नळ्यांनी वेढलेला, तोंडात पाइप, छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत होती. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. आयुष्यभर मी ज्या ज्या गोष्टींची काळजी केली, त्यांत ही नव्हती. गॅसची केली, कुलपाची केली, ह्याची करायची राहून गेली.

अतिदक्षता विभागात सकाळी एकाला आत सोडायचे, संध्याकाळी एकाला. सकाळी सासूबाई जायच्या, संध्याकाळी मी. उरलेला वेळ बाहेरच्या बाकावर. तिथं बसून म्हणायला मी प्रार्थना करायचे, पण ती प्रार्थना नव्हती. मी देवाचा गळा धरला होता. ह्याला उठव. दुसरं काही नको, काहीच मागणार नाही, ह्याला उठव. आभार मानायचं तर डोक्यातही आलं नाही. आलं असतं तर मी थुंकले असते. संध्याकाळी आत गेले की त्याच्या कानाशी वाकून तेच, "उठा. ऐकू येतंय ना? उठा की हो." पापणी हलायची नाही. नर्स खुणेनं वेळ संपल्याचं सांगायची. मी बाहेर यायचे आणि पुन्हा देवाच्या मागे लागायचे. जेवण जात नव्हतं.

अशातच एका दुपारी दीर म्हणाला, "वहिनी, मी बसतो हितं. तुमी घरी जाऊन आंघोळ करून या. आई सकाळची भेट करून गेलीया घरी." मी निघाले. वाटेत मोबाइल बंद पडला, चार्जिंग करायचं सुचलंच नव्हतं. मी, जी मोबाइल निम्म्यावर आला की घाबरायची. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि मला आमचं दार दिसलं.

दारात चपला होत्या. उंबऱ्यापासून नळाच्या चौथऱ्यापर्यंत, बायकांच्या, पुरुषांच्या, आणि बाजूला पाळकसाहेबांचे काळे बूट. आतून पेटी ऐकू येत होती आणि माणसं गात होती.

तो गेला. मला दुसरं काही वाटूच शकलं नाही. मी रिक्षात असताना गेला, दिरानं फोन केला, माझा बंद होता, म्हणून घरी कळवलं, आणि सगळे जमले, बायको सोडून. मी चालत दारापर्यंत गेले की कशी गेले आठवत नाही. त्या चपलांवरच बसले. शेजारची तेलुगू बाई दाराशी उभी होती, ती धावली, "टीचर, टीचर, काय झालं?" आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

पेटी थांबली. पाळकसाहेब बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. "ताई, प्रभूनं मोठं कार्य केलं," ते म्हणाले.

"केव्हा गेले?" मी विचारलं.

"कोण?"

मग माझ्या नाकाला चिवड्याचा वास आला. दाराच्या आत परातीत चिवडा काढून ठेवला होता.

सासूबाईंनी उपकारस्तुती ठेवली होती. सकाळची भेट करून त्या सरळ पाळकसाहेबांकडे गेल्या होत्या. पोराची उपकारस्तुती करायची हाय, दुपारी या, एवढंच म्हणाल्या. पाळकसाहेबांना वाटलं, माणूस शुद्धीवर आला. त्यांनी दहा जणांना सांगितलं, दहा जणांनी पुढं. सगळी मंडळी आनंदानं आली. आता सगळे माना खाली घालून बसले होते. सासूबाई भिंतीला टेकून, डोक्यावर पदर, डोळे मिटून.

"कशाचे उपकार?" मी सतरंजीवर चपलेनिशी उभी राहून ओरडले. "तो तिकडं नळ्यांत पडलाय आणि तुम्ही इथं चिवडा वाटताय? लाज नाही वाटत?" सासूला असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. मी बोलले. पाळकसाहेब चाचरत म्हणाले, "आजी, आपण हिला प्रार्थनासभा म्हणू या, तशी प्रार्थना करू या."

"न्हाय," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "उपकारस्तुतीच."

लोक गुपचूप उठले. आपापल्या चपला शोधून गेले. चिवड्याला कुणी हात लावला नाही.

आम्ही दोघीच उरलो. माझा राग ओसरला नव्हता. म्हटलं, "असं आधीच आभार मानून ठेवले म्हणजे देवाला भीड पडते का? तो म्हणतो का, आता म्हातारीनं चिवडासुद्धा केला, आता बरं करायलाच पाहिजे?"

"बरं करतोय आसं कोन म्हनलं?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सकाळी डॉक्टरनं त्यांना बाजूला घेतलं होतं. मेंदू काम करत नाही, जे चाललंय ते यंत्रामुळं चाललंय, तेही आता फार नाही. तुमच्या सुनेला सांगा, म्हणाले. "माजी जीभच उचलंना तुला सांगाया," त्या म्हणाल्या. "तू त्येला उट उट म्हनत हुतीस. कसं सांगू?"

मी खाली बसले. त्या सतरंजीचा काठ बोटांनी सरळ करत बोलत राहिल्या. "उद्या न्हाय तर परवा हीच सतरंजी पुन्ना हातरायची हाय. तवा समदी मला गप ऱ्हा म्हनतील, रडू नको म्हनतील, देवाची मर्जी म्हनतील. तवा मला उपकार म्हनू देतील व्हय? म्हनले तरी म्हातारीचं डोस्कं फिरलं म्हनतील. पोरी, त्यो माजा हुता. लई वरसं हुता. मला आई म्हनला, हितं आनून ठिवली, सांजच्याला पाय चेपलं. त्येचं उपकार मानायचंच न्हाईत? त्यो हाय तवर म्हनायचं हुतं मला. गेल्यावर मग कुटं म्हनायचं?"

त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बस चुकल्यावर हसणारी बाई. मला वाटायचं, हिला काळीज दगडाचं दिलंय किंवा डोकं कमी दिलंय. माझ्या काळजीत निदान आशा तरी होती. त्यांच्या उपकारस्तुतीत तीसुद्धा नव्हती. मी त्यांना जवळ घेतलं की त्यांनी मला, ते कळलं नाही. आम्ही दोघी त्या सतरंजीवर गळ्यात पडून ओरडून रडलो आणि शेजारच्या बाईनं दार बाहेरून ओढून घेतलं.

संध्याकाळच्या भेटीला निघाले तर त्या म्हणाल्या, "उट म्हनू नको आता त्येला. लई दमलाय त्यो. काय बोलायचं ऱ्हायलं आसंल ते बोल."

मी आत गेले. सवयीनं तोंडातून "उठा" निघालंच. मग गप्प झाले. काय बोलायचं राहिलं होतं? यंत्राचा आवाज येत होता. त्याच्या नखांत मशीनचं तेल अजून होतं, नर्सनी पुसलं तरी गेलं नव्हतं. मी तो हात धरला आणि म्हटलं, "तुम्ही दर वेळी मागे जाऊन कुलूप बघून आलात." थोड्या वेळानं म्हटलं, "एकदाही चिडला नाहीत." मग बाजारातून उरलेली किडकी वांगी आणायचा, कारण विकणारी म्हातारी ती खपेपर्यंत घरी जायची थांबलेली असायची, त्याचं बोलले. मग माझ्या आईच्या आजारपणात दुकान बंद ठेवून बसला होता त्याचं. ह्या गोष्टी मी त्याला कधी बोलले नव्हते. बोलायला काय, उद्याही येईल असं वाटायचं. देवाला काही म्हणाले नाही. देवावर माझा राग होता, तसाच होता. पण त्या दिवशी मी त्याच्याकडे काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

घरी सतरंज्या पुन्हा अंथरल्या. चपला पुन्हा उंबऱ्यापासून नळापर्यंत. पेटी तीच. पाळकसाहेबांनी सांत्वनाचं वचन वाचलं आणि सासूबाईंना हळूच विचारलं, आजी, तुम्हाला काही बोलायचंय? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "माजं म्हनून झालंया, साहेब," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलवली, माझंही म्हणून झालं होतं.

तुम्हाला वाटेल, मग काळजी सुटली असेल, शांती मिळाली असेल. तसं काही नाही. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही, देवाचं नाव घेतलं की दात आवळले जायचे. पहिल्या रविवारी सासूबाईंनीच ओढून मला उपासनेला काढलं. दाराला कुलूप लावलं, निघालो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून हळूहळू. गल्लीच्या कोपऱ्यावर आलो आणि मी थांबले. कुलूप लावलं का? मला आठवेना. मी तशीच उभी राहिले. मागे वळायचा धीर होईना, कारण मागे कुणी जाणार नव्हतं. उन्हात उभ्या उभ्या मला वाटलं, इथून पुढं आता मी कुठंच जाऊ शकणार नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत, लंगडत मागे गेल्या. कुलूप दोन्ही हातांनी धरून ओढलं. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "हाय गं पोरी, हाय!"

माझ्या तोंडून निघालं, देवबापा, तुझे उपकार. रडत निघालं, रागानं निघालं, दात आवळूनच निघालं. पण निघालं.