लाल पाठ सलूनची, हिरवी दातांच्या डॉक्टरची

शाळेतली लायब्ररी सांभाळणारी बाई माझी सख्खी धाकटी बहीण आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हा बहिणीची बाजू घेतोय. घेणारच. माझ्याशिवाय कोण घेणार?

मी सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीट शिवतो. नववीत शाळा सोडली, पण माझ्यासारखी शिलाई या भागात दुसऱ्या कुणाची असेल तर दाखवा. गाडी भंगारात जाते, मी शिवलेली सीट उसवत नाही. हिला मात्र मी शिकवलं. लायब्ररीचा कोर्स म्हटल्यावर नातेवाईक हसले, पुस्तकं राखायला कसला आलाय कोर्स म्हणाले. मी एकेकाला दारातूनच परत पाठवला.

ही शाळेत लागली तेव्हा लायब्ररी म्हणजे एक बंद खोली होती. आत कोळ्यांची जाळी, मोडकी टेबलं आणि पाठी निखळलेली पुस्तकं. नवीन पुस्तकांचं विचारलं की सर म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." सर म्हणजे मुख्याध्यापक. गेटला दरवर्षी रंग लागायचा, पुस्तकांचं पुढचं वर्ष काही उजाडत नव्हतं.

मग ही दारोदार फिरायला लागली. ज्यांची मुलं मोठी झाली त्यांच्या घरी जायची आणि माळ्यावरची पुस्तकं मागून आणायची. लोकांची उत्तरं ऐकून माझं डोकं फिरायचं. एकीने तर दार अर्धंच उघडून सांगितलं, "आज सुट्टे नाहीत हो." माझी बहीण म्हणजे काय वर्गणीवाली वाटली?

पुस्तकं यायची ती फाटकी. ही माझ्या दुकानात येऊन बसायची. मेण लावलेला दोरा आणि जाड सुई, दोन्ही माझी. टाका मी शिकवला. पाठीला रेक्झिन लावायची युक्तीसुद्धा माझीच, हे लिहून ठेवा. दुकानात तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. सलूनच्या खुर्च्या केल्या तेव्हाचं लाल उरलेलं, ते साहसाच्या गोष्टींना लागलं. दातांच्या डॉक्टरकडच्या बाकड्याचं हिरवं प्राण्यांच्या पुस्तकांना, मोटारसायकलच्या सीटचं काळं यंत्रांच्या आणि ग्रहताऱ्यांच्या पुस्तकांना. पहिलीतल्या पोराला वाचता येत नसलं तरी रंग कळतो. पोरं येऊन सांगायची, "बाई, मला सलूनवालं द्या." "मला दातवालं, पण वाघाचं!"

रॅकही मीच केले, मोडक्या सोफ्यांच्या लाकडाचे. पोरांचा हात पोचेल एवढेच उंच, ना कुलूप ना काच. परत केलं की लगेच दुसरं मिळणार, हा हिचा नियम. वाचून वाचून जे पुस्तक पुन्हा फाटेल, त्याची दुसरी प्रत आधी शोधायची, हाही हिचाच. फाटलेलं पुस्तक आलं की ही खूश व्हायची. मी म्हणायचो, "तू येडी आहेस." ती म्हणायची, "दादा, तुझ्याकडे बसून बसून झिजलेली खुर्ची आली की तू काय म्हणतोस? चांगली खुर्ची होती, असंच ना?"

तर अशी लायब्ररी. आणि तिच्या मुळावर उठला तो कपाटवाला.

त्याचं नाव मला घ्यायचं नाही. फरश्यांचा मोठा धंदा. वडील वारले तशी त्यांची जाडजूड पुस्तकं घरात अडचण करायला लागली. ती त्याने शाळेला दिली आणि वर काचेची उंच कपाटं दिली. अट एवढीच की खोलीच्या दारावर वडिलांच्या नावाची पाटी लागली पाहिजे. पुस्तकं सोनेरी अक्षरांची, एका हाताने उचलत नाहीत. सर तर हुरळूनच गेले. हिला बोलावून म्हणाले, "बाई, आता आपली लायब्ररी लायब्ररीसारखी दिसेल. ते ठिगळांचं सगळं रद्दीत काढा. रॅक भंगारात. कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे राहतील, म्हणजे एक पुस्तक हरवायला नको."

आणि ही काय म्हणाली? "बरं, सर."

संध्याकाळी दुकानात येऊन हे सांगत होती, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

"बरं? बरं म्हणालीस तू? तोंडाला काय टाका घातला होता का?"

"ओरडू नकोस, दादा. बाहेर गिऱ्हाईक आहे."

"असू दे गिऱ्हाईक! ठिगळं म्हणाला तो? माझ्या शिलाईला ठिगळं?"

"तुझ्या शिलाईला नाही, पुस्तकांना म्हणाले."

"मग तर जास्तच वाईट!"

तिने कोपऱ्यातला उरलेल्या कापडाचा ढीग चाळला. मग म्हणाली, "मला पिशव्या शिवून दे. जेवढं कापड उरलंय तेवढ्याच्या. बंद मजबूत लाव, पुस्तकं पेलली पाहिजेत."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे ही पुस्तकं स्वतःच्या हाताने भरून रद्दीत पाठवणार, आणि पिशव्या मी शिवायच्या! मशीन आपटत आपटत मी पिशव्या शिवल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या, फुलाफुलांच्या, पडद्याच्या कापडाच्या. बायको चहा घेऊन आली आणि गालातल्या गालात हसत होती. मी म्हटलं, "इथे मयत झाल्यासारखं झालंय आणि तुला हसू सुचतंय?" ती म्हणाली, "बंद दुहेरी लावा हो," आणि आत गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पाटीचा कार्यक्रम ठरला. मला बोलावणं नव्हतं. बोलावणं कशाला लागतं? मी दुकानातले कपडे न बदलता गेलो, अंगाला फोमचा भुगा तसाच. पाहतो तर माझे रॅक बाहेर व्हरांड्यात काढलेले, भिंतीला टेकवलेले. रिकामे ठणठणीत. एकावर कुणीतरी उष्टा कप ठेवला होता.

आत खुर्च्या मांडलेल्या, समोर काचेची कपाटं, कपाटांना कुलपं. सर माइकवर बोलत होते, "पुस्तकं ही शाळेची शोभा असते..."

मला राहवलं नाही. मागून मी ओरडलो, "शोभेला फुलदाण्या आणा की! पोरांची पुस्तकं रद्दीत घालून कसली शोभा?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कपाटवाल्याने शेजाऱ्याला विचारलं, "कोण आहे हा?" शेजारी म्हणाला, "सोफेवाला."

"सोफेवाला नाही, बाईंचा भाऊ!" मी म्हटलं. "विचारा यांना, पुस्तकं कुठे फेकलीत? कुठल्या रद्दीवाल्याला विकलीत?"

सर लालबुंद झाले. "अहो, काहीतरीच काय बोलता! रद्दीवाल्याचा टेम्पो उद्या सकाळी येणार आहे. पुस्तकं जिन्याखालच्या खोलीत..." ते थांबले आणि हिच्याकडे वळले. "बाई, पुस्तकं जिन्याखालीच आहेत ना?"

ती शेवटच्या रांगेत उभी होती. आधी माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मी एवढा धिप्पाड माणूस, मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मग सरांना म्हणाली, "नाही, सर. मुलांकडे आहेत."

"मुलांकडे? सगळी?"

"सगळी. लायब्ररीची पुस्तकं आहेत. मुलांकडेच असतात."

हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. माइक हातात होताच. ते म्हणाले, "उद्या शाळा भरायच्या आत प्रत्येक पुस्तक परत आलं पाहिजे. बाई, जमा करून घेणं तुमची जबाबदारी. आलं नाही तर तुमची नोकरी आणि तुम्ही." शिपायाकडून व्हरांड्यातल्या फळ्यावर तसं लिहूनही घेतलं.

बाहेर आल्यावर तिने मला धरलं. घरात कधी आवाज न चढवणारी माझी बहीण, गेटपाशी उभी राहून बोलली.

"झालं समाधान? तू सांगितल्याशिवाय त्यांना कळणारच नव्हतं! उद्या टेम्पो आला असता, पुस्तकं न घेताच गेला असता. पाटी लागली, फोटो झाला, पुढे कोण विचारतंय? पुस्तकं या पोराकडून त्या पोराकडे फिरत राहिली असती. पिशव्या कशाला मागितल्या होत्या मी?"

"मला सांगायचं ना मग!"

"तुला? तुझ्या पोटात तिळाएवढं तरी राहतं का, दादा? वहिनीला सांगितलं होतं."

म्हणजे माझ्या घरात, मीच शिवलेल्या पिशव्यांचा मलाच पत्ता नव्हता! मी खूप काही बोलणार होतो. पण तिचे डोळे भरले होते, आणि ते माझ्यामुळे. एवढंच म्हटलं, "रॅकला तरी कुणाला हात लावू देणार नाही. लाकूड माझं आहे."

"ये मग सकाळी," ती म्हणाली. "पण तोंड घरी ठेवून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो आणि व्हरांड्यात माझ्या एका रॅकवर फतकल मारून बसलो. टेम्पो गेटला उभा होता. रद्दीवाला म्हणाला, "उठा, उचलायचंय." मी मान हलवली, नाही म्हणून. तोंड घरी ठेवून आलो होतो ना.

मग पोरं यायला लागली. खांद्याला माझ्या पिशव्या, पट्ट्यांच्या, फुलांच्या, पडद्याच्या. ही व्हरांड्यात टेबल टाकून बसली होती. रांग टेबलापासून गेटच्या बाहेर गेली. पोरांना सोडायला आलेले आईबापही थांबले. पहिल्या मुलीने लाल पाठीचं पुस्तक दिलं. हिने जमा केलं, शिक्का मारला आणि रॅकवर ठेवलं. दुसऱ्याने हिरवं दिलं आणि म्हणाला, "बाई, ते सलूनवालं आलंय ना आत्ता? मला द्या." हिने दिलं. तिसरीला ते हिरवं हवं होतं. तेही दिलं.

सर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आले. "बाई, हे काय चाललंय?"

"परत घेतेय, सर. तुम्ही सांगितलंत तसं."

"पण लगेच देताय!"

"परत केलं की दुसरं मिळतं, सर. पहिल्यापासून तोच नियम आहे. तुम्ही परत घ्या म्हणालात, देऊ नका असं नाही म्हणालात."

सरांनी फळ्याकडे पाहिलं, मग आईबापांकडे. कुणीतरी मागून म्हणालं, "चालू द्या, सर, घंटा होईल." सरांनी जुडगा खिशात घातला. आत कपाटं कुलपात उभी होती. पहिली मुलगी पुन्हा रांगेत लागून शेवटचं पुस्तक घेऊन गेली; घंटा झाली तेव्हा रॅकवर एकही पुस्तक उरलं नव्हतं. रद्दीवाल्याने टेम्पो चालू केला आणि निघून गेला.

आता मात्र मला राहवेना. मी उठलो आणि सरांना चार शब्द ऐकवायला टेबलापर्यंत गेलो. तोंड उघडणार, तेवढ्यात ती मान वर न करता म्हणाली, "दादा, रांगेत."

ते रॅक करणारा मी, त्या पिशव्या शिवणारा मी. गेलो, आणि उशिरा आलेल्या दोन पोरींच्या मागे उभा राहिलो.